राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं

आमच्या घरात नवी वस्तू आली की ती पहिल्याच दिवशी उघडली जाते. खोक्यातून नव्हे, स्क्रू काढून. आमचे हे, म्हणजे उदय शिंत्रे, यांचं गडहिंग्लजला मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरचे पंप, मिक्सर, पंखे, आणि आता ते फवारणीचे ड्रोन आलेत त्यांच्या मोटारीसुद्धा. आमच्या लग्नात आहेर आलेला मिक्सर यांनी सत्यनारायणाच्या सकाळी उघडून ठेवला आणि चटणी पाट्यावर वाटायची वेळ माझ्यावर आणली. नवी नवरी मी! विचारलं तर म्हणाले, "विकत घेतलाय ना कुणीतरी? मग आपला. आपली वस्तू आतनं कशी आहे ते आपल्याला नको माहीत?"

मी दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी केली. जमिनी-घरांची खरेदीखतं जिथं नोंदवतात ते ऑफिस. वाचता न येणारं कुणी समोर बसलं की दस्त त्याला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असायचं. आवाज खणखणीत, म्हणून साहेबांनी मलाच धरलं होतं. दस्ताच्या शेवटी ठरलेली ओळ असते: हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कुणाच्या दबावाखाली न येता लिहून दिले असे. तिथवर पोचलं की मी मान वर करून विचारायची, "ऐकलंत? समजलं? मान्य आहे?" आणि हो म्हटल्याशिवाय अंगठा घेऊ द्यायची नाही. लोक वैतागायचे. वैतागू देत.

तर असा आमचा जोडा. यांना वाचायचा भारी कंटाळा, पण ऐकायचा शौक दांडगा. तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावून झाला की हे समोरच्या खुर्चीत मटार सोलत नाहीतर तांदूळ निवडत बसायचे आणि मी वाचायची. लग्नापासूनचं आहे हे. एकट्यानं पुढचं पान उलटायचं नाही हा आमचा नियम. सुरुवात करण्याआधी मी विचारायची, "काल कुठं होतो?" आदल्या दिवशी निम्म्यात घोरणारा हा माणूस बिनदिक्कत ठोकून द्यायचा, "तो पळून गेला की! तिच्या भावाबरोबर." पुस्तकात भाऊच नसायचा. मग मी रागवायची आणि मागचं सगळं सांगून पुढं वाचायला घ्यायची.

कागदी पुस्तकं छापणं जवळजवळ बंद पडलं आणि वाचनपाटी आली, तेव्हा आम्हीही एक घेतली. बस स्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडून, यांच्या नावावर, कारण फोन यांच्या नावावर होता. आमच्याकडं सगळंच यांच्या नावावर असतं आणि वापरते मी. त्या पाटीवर आम्ही किती पुस्तकं घेतली असतील, देव जाणे. एक कपाट भरलं असतं.

आता त्या पाटीचं कुलूप सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याला वाटतं, वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत जातो. तसं नसतं. डोळा उड्या मारतो. एका शब्दावर क्षणभर टेकतो, तिथून पुढच्या शब्दावर उडी, मधला बारीक शब्द गाळतो, अवघड काही आलं की मागं येऊन पुन्हा बघतो. कुठं टेकायचं, किती वेळ टेकायचं, कितीदा मागं यायचं, हे प्रत्येकाचं वेगळं. लांबून येणारा माणूस आपण चालीवरनं ओळखतो ना, तशी ही नजरेची चाल.

पुस्तकं विकणाऱ्या कंपनीनं तिचंच कुलूप केलं. पाटी घेताना एक उतारा वाचायचा, पाटी तुमची चाल टिपून ठेवते. त्यानंतर पुस्तकातली अक्षरं कायम विस्कटलेली असतात. तीच चाल ओळखली की नजर टेकेल तिथले तेवढे शब्द जुळून येतात, बाकीचं पान तसंच विस्कटलेलं. शेजारी बसून डोकावणाऱ्याला काही लागत नाही, फोटो काढून उपयोग नाही. चोरून कुणी वाटू नये म्हणून केलेलं. ते ठीकच आहे, लेखकालाही पोट आहे.

मागच्या थंडीत आम्ही एक खुनाची कादंबरी वाचत होतो. सराफाच्या मुनिमाला कुणी मारलं? यांनी आधी सुनेवर संशय घेतला, मग ड्रायव्हरवर, मग खुद्द मुनिमावर. "अहो, तो मेलाय!" "म्हणूनच तर कुणाला संशय येणार नाही." शेवटची दोन-तीन प्रकरणं राहिली होती. मी पाटी उघडली तर अक्षरं विस्कटलेलीच. चष्मा पुसला, पाटी पुसली. मग निरोप उमटला: नोंदणीकृत वाचक श्री. उदय शिंत्रे यांच्या नजरेची चाल गेले काही महिने सातत्यानं बदलत आहे. आपली सर्व पुस्तकं तूर्त थांबवली आहेत. बदलामागे वैद्यकीय कारण असू शकते, कृपया तपासणी करून घ्यावी.

मी यांच्याकडं पाहिलं. हे मटार तोंडात टाकत होते.

"नाटकं आहेत," हे म्हणाले. "आण तो बारका स्क्रूड्रायव्हर. उघडतो."

यांचं हे असंच. कुठलीही नवी वस्तू आली की पहिल्या दिवशी उघडायची. लग्नातला मिक्सरसुद्धा सत्यनारायणाच्या सकाळी उघडून ठेवला होता. हे मघाशी सांगितलं का मी? सांगितलं असेल तर सोडून द्या.

मी स्क्रूड्रायव्हर दिला नाही. शेजारच्या नेसरीकरांची कस्तुरी वकिली करते, तिला हाक मारली. ती डोक्याला तेल लावलेलं, तशीच आली.

"कस्तुरी, मला एक सांग. विकत घेतलेल्या पुस्तकाचं कुलूप काढणं गुन्हा आहे का?"

"काकू, कायदा वेगळा आणि करार वेगळा," ती म्हणाली. "कायदा काय म्हणतो, की विकायच्या नाहीतर फुकट वाटायच्या इराद्यानं कुलूप तोडलं तर गुन्हा. आपलं पुस्तक आपल्याला वाचता यावं म्हणून तोडलं तर नाही."

"मग झालं की!" हे उठलेच.

"बसा काका. करार म्हणतो, कुलूप तोडलंत की खातं बंद आणि सगळी पुस्तकं परत. म्हणजे पोलीस येणार नाहीत, पण कंपनीला कळलं तर पुस्तकं जातील."

"असल्या करारावर सही कुणी केली?" मी विचारलं.

"'मान्य' वर बोट कुणी ठेवलं?"

बोट मी ठेवलं होतं. न वाचता. उभ्या तालुक्याला दस्त वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका म्हणून सांगणारी मी! हे इतके हसले की खुर्चीला धरून बसावं लागलं.

कस्तुरीनं मग तिसरा रस्ता सांगितला. नव्या कायद्यात एक कलम आलंय. आजारानं नजरेची चाल बदलली असेल, तर डॉक्टरचा दाखला दिल्यावर कंपनीनं स्वतः कुलूप काढून द्यायचं, कायमचं. "पण काकांना खरंच काही झालं असेल तरच," ती हळू आवाजात म्हणाली. "आधी तपासून घ्या."

त्या आठवड्यात मी यांच्यावर डोळा ठेवून होते. दुकानातनं येताना रस्ता चुकतात का, गिऱ्हाइकाचं नाव विसरतात का. हे काहीच विसरत नव्हते. मीच दोनदा भाताला पाणी घालायचं विसरले, ते काळजीनं झालं असं धरून चालले. देवाला म्हटलं, यांना काही होऊ देऊ नकोस, हा माणूस मला असाच हवाय, घोरणारा आणि थापा मारणारा.

कोल्हापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी यांची सगळी तपासणी केली. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले, पडद्यावर उतारा वाचायला दिला. हे बोट ठेवून अडखळत वाचत होते. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, तुम्ही ठणठणीत आहात. वाचायचा सराव मात्र अजिबात दिसत नाही. रोज तासभर वाचता म्हणालात ना?"

"मी? मी कुठं वाचतोय? ही वाचते, मी ऐकतो."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "मग पाटीत नोंदवलेली नजर कुणाची?"

"यांचीच की," मी म्हटलं. "नाव यांचंच आहे. हे जवळ असले की उघडते ती, दुकानदार म्हणाला होता."

"जवळ असण्याचा काही संबंध नसतो, काकू. नोंद करताना उतारा कुणी वाचला होता?"

आणि मला ते दुकान आठवलं. गर्दी, दुकानदाराची घाई. यांनी खिसे चाचपले आणि म्हणाले, "चष्मा दुकानात टेबलावर ऱ्हायला वाटतं. तू वाच गं." मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या उतारा वाचून टाकला. आमच्याकडं घरोघरी हेच चालतं. नोंद नवऱ्याच्या नावावर, वाचणार बायको. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, त्या दुकानदारालाही नाही.

डॉक्टरांनी यांना उठायला सांगितलं. मग खुर्ची माझ्याकडं वळवली. "काकू, तुम्ही बसा इथं."

सुरुवात आहे, असं निघालं. अगदी सुरुवात. औषधं चांगली आलीत आता, पुष्कळ वर्षं नीट जातील, ते म्हणाले. वाचताना डोळा जास्त वेळा मागं येतो, कारण मागचा शब्द पुढच्यापर्यंत टिकत नाही. बोलण्या-वागण्यात दिसायच्या कितीतरी आधी ते नजरेत उतरतं. मी रोज वाचत होते म्हणून पाटीला कळलं. मला मात्र पाटीचा संताप आला. मी तिला विचारलं होतं का? आणि संतापाच्या खाली भीती होती, लहानपणी जत्रेत हात सुटला होता तेव्हा वाटली होती तशी.

घरी आल्यावर चहा यांनी केला. साखर विसरले, आणि मला त्याही स्थितीत बरं वाटलं.

"मी काय म्हणतो," हे म्हणाले. "इचलकरंजीचा आपला अस्लम आहे ना, त्याच्याकडं ते कुलूप काढायचं सगळं आहे. दुपारभराचं काम. कस्तुरीच म्हणाली, गुन्हा नाही. कंपनीला कळायचं कारण नाही. दाखला नको, अर्ज नको. कुणाला काही सांगायचं नाही."

कस्तुरीला एसटीतनंच फोनवर विचारलं होतं आम्ही. ती म्हणाली, त्या कलमात खरेदीदाराची नजर असं म्हटलंय. खरेदीदार काका, नजर काकूंची. अर्ज दोघांनी करायचा. मग कंपनी म्हणणार, दुसऱ्याला वाचायला दिलंत म्हणजे करार मोडलात, सगळंच बंद. सुनावणी लागणार. "आणि काकू, तिथं तुमचं दुखणं उघड बोलावं लागेल. त्यापेक्षा काकांचा मार्ग..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. वकीलच ती.

मलाही वाटलं, करू द्यावं. अस्लमकडनं उघडून आणली की संध्याकाळी पुन्हा दिवा, मटार, मुनीम. नेसरीकर वहिनींनी माझ्याकडं कीव करून बघायला नको. रात्र त्याच विचारात गेली. सकाळी हे पाटी पिशवीत घालून चपला घालत होते.

"थांबा," मी म्हटलं. "पिशवी ठेवा खाली."

"अगं, कशाला चारचौघांत? मला नाही बघवणार ते."

"मला आज सगळं कळतंय. पुढं कळेनासं होईल तेव्हा तुम्हीच माझं सगळं बोलणार. हिला हे आवडतं, हिला ते सोसत नाही. मी समोर बसलेली असताना. तुम्ही चांगलंच बोलाल, माहीत आहे मला. पण जोवर माझी अक्कलहुशारी शाबूत आहे तोवर माझं मी सांगणार. लपवायला मी काही चोरी केलेली नाही."

यांनी चपला काढल्या. डोळे पुसायला चष्मा काढायचा असतो हेही यांना सुचलं नाही, काचेवरूनच बाही फिरवली.

अशा तक्रारींसाठी जिल्ह्याला एक सुनावणी अधिकारी नेमलेल्या आहेत. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, मुलगी असती तर. कंपनीचा वकील सभ्य होता. तो म्हणाला, "खरेदी श्री. शिंत्र्यांची. पुस्तकं वाचली सौ. शिंत्र्यांनी. म्हणजे खरेदीदारानं ती दुसऱ्या व्यक्तीला दिली."

अधिकाऱ्यांनी यांना विचारलं, "तुम्ही ही पुस्तकं वाचलीत का?"

"ऐकली."

"म्हणजे वाचली नाहीत."

"मॅडम, आमच्यात मी घेतो आणि ही वाचते. तीस-पस्तीस वर्षं झाली. मी दुसऱ्या कुणाला दिली नाहीत, हिला दिली. हिला दिलं म्हणजे दिलं असं होत नाही."

अधिकारी हसू दाबून म्हणाल्या, "पण नोंदवलेली नजर सौ. शिंत्र्यांचीच, हे सिद्ध कसं करायचं?"

वकिलानं सांगितलं, कंपनीकडं जुनी नोंद आहे, ताडून बघता येईल. मला पडद्यासमोर बसवलं, उतारा आला, मी वाचला. मग भिंतीवर नजरेच्या चालीची दोन चित्रं उमटली. डावीकडं त्या दुकानातली, भाजीची पिशवी पायाशी ठेवून वाचणारी मी. एका ओळीत मोजक्या उड्या, मागं येणं जवळजवळ नाहीच. उजवीकडं आत्ताची. एकाच शब्दाशी तीन-तीनदा परत आलेली, पुढं जाऊन पुन्हा मागं. धाटणी तीच होती, बारीक शब्द गाळायची माझी जुनी खोडसुद्धा होती. खालीच लिहून आलं: व्यक्ती एकच, बदल लक्षणीय.

सगळे ते बघत होते. मीही बघत होते. रडू आलं, पण तिथं रडायचं नाही असं ठरवूनच गेले होते.

कंपनीचा वकील खाली बघून कागद लावायला लागला. "आमची हरकत नाही," तो म्हणाला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं बहुतेक.

"तुम्हाला काही सांगायचं आहे का?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"आहे. लिहून घ्या, मॅडम. मी वृषाली उदय शिंत्रे, राजीखुशीनं आणि अक्कलहुशारीनं, कुणाच्या दबावाखाली न येता सांगते, की या दोन्ही नजरा माझ्याच आहेत. पहिली होती ती आणि आता आहे ती. मला विसरण्याचं दुखणं सुरू झालंय. यांनी पुस्तकं घेतली, मी ती यांना वाचून दाखवली, आणि पुढंही ती आमच्या घरात वाचली जावीत एवढंच मागते."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग पडदा माझ्याकडं वळवण्याऐवजी स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, सावकाश. मान वर केली. "ऐकलंत? समजलं? मान्य आहे?"

माझं कुठलं ऑफिस होतं ते त्यांना कुणी सांगितलं असेल का? की त्यांचीही तीच रीत? मी विचारलं नाही. "मान्य आहे," म्हटलं आणि बोट ठेवलं.

घरात मोठ्यानं वाचून दाखवणं म्हणजे वाटप नव्हे, असा निकाल आला. पाटीवर एक निरोप उमटला, अक्षरं थरथरली आणि सगळं पान एकदम सरळ झालं. वरपासून खालपर्यंत, एकाच वेळी. किती वर्षांनी मी अख्खं पान पाहिलं! आता ती पाटी कुणालाच ओळखत नाही. कस्तुरी वाचते, दुधवाली आली तर तीही दोन ओळी वाचते. डॉक्टर मात्र हळहळले. कुलूप असतं तर रोजच्या रोज कळलं असतं म्हणाले, किती बदलतंय ते. मी म्हटलं, राहू दे.

कुलूप निघालं त्या संध्याकाळी दिवा लावून मी पाटी घेतली. एक परिच्छेद वाचला, पण ओळी हातातनं निसटायला लागल्या. मी पाटी यांच्यापुढं धरली आणि मटारची परात माझ्याकडं ओढली.

"मी?" हे म्हणाले.

"चष्मा आणा आधी."

यांचं वाचन म्हणजे दिव्यच. अवतरण संपलं तरी हे त्याच आवाजात, पूर्णविरामाला थांबायचं नाही आणि शब्दाच्या मध्येच श्वास घ्यायचा. मी दर ओळीला सुधारत होते. दोन पानांत यांना घाम फुटला. तरी दुसऱ्या दिवशी दिवा लावून मी वळले तर हे चष्मा लावूनच बसलेले. दुपारी जेवायला आले तेव्हा पाटीवर बोट ठेवून काहीतरी पुटपुटत होते, ते मी पाहिलं होतं.

"काल कुठं होतो?" मी विचारलं. सवयीनं.

"मुनिमाची चावी देव्हाऱ्यात सापडली," हे एकेक शब्द तोलून म्हणाले. "सुनेनं ती ओळखली, पण गप्प बसली. आणि ड्रायव्हर म्हणाला, त्या दिवशी सराफ घरी नव्हताच."

मी आठवायला गेले. चावी आठवली. सून आठवली. ड्रायव्हर काही म्हणाला होता हे काही केल्या आठवेना. हा माणूस जन्मभर मला वाट्टेल ते ठोकून देत आलाय आणि दर वेळी मी पकडलंय. आता ठोकून दिलं तर मला पत्ता लागायचा नाही, हे मला कळलं. माझ्या तोंडाकडं बघून यांनाही कळलं.

यांनी पाटी उचलली, मागचं पान काढलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. ड्रायव्हरच्या वाक्याखाली बोट धरलं, मला दिसेल असं, आणि ते पुन्हा वाचून दाखवलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं. "आता पुढं वाचा. आणि पूर्णविरामाला थांबा जरा."